दुखत नाही, मग?

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तू माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीतून उठलीस, पर्स खांद्याला लावलीस आणि दाराशी वळून विचारलंस, "काका, दुखत तर काहीच नाहीये. मग?" तेवढ्यात तुझी आई मध्ये बोलली, बाहेर आठ जण खोळंबले होते, आणि मी "बघू, पुढच्या वेळी बोलू" असं काहीतरी पुटपुटलो. रात्री जेवताना तो 'मग' घशाशी अडकून बसला. बायकोने विचारलं, कढी आंबट झालीय का? म्हटलं, कढी चांगली आहे, मी उत्तर न देता आलोय.

म्हणून हे पत्र. मोबाईलवर लिहायचं तर तू दोन ओळी वाचून अंगठा दाखवशील, म्हणून कागदावर.

काल त्या खोलीत आम्ही दोघं तुला एकच वाक्य सांगत होतो, 'जिभेत टोचलेला तो खडा काढून टाक'. पण दोघांचं म्हणणं एक नव्हतं. आई म्हणत होती, काढ, कारण लोक काय म्हणतील, आत्याच्या मुलीच्या लग्नात सगळे बघतील, पुढेमागे स्थळं यायचीत. मी म्हणत होतो, काढ, कारण तुझ्या खालच्या दोन पुढच्या दातांची आतली, जिभेकडची हिरडी उतरली आहे, म्हणजे दातावरून खाली सरकली आहे. तू दोन्ही एकाच पिशवीत घातलंस आणि पिशवी दाराबाहेर ठेवून दिलीस. तुझ्या वयाचा असताना मीही तेच केलं असतं. पण आईची गोष्ट बाजूला ठेव, ती तुमची तुम्ही घरी मिटवा. (तिच्या कानात वर बुगडी, खाली कुडी, नाकात चमकी. मी मनातल्या मनात भोकं मोजली, पाच भरली. बोललो नाही. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलोय.)

माझी गोष्ट मात्र फक्त मिलिमीटरची आहे. तिच्यात संस्कार नाहीत, पिढी बिघडली वगैरे नाही. जिभेत खडा घालणारी मुलगी वाईट वळणाची असते असं मला एक क्षणही वाटलेलं नाही, आणि वाटलं असतं तरी ते सांगायची फी मी घेत नाही.

टोचून घेणं आपल्याला नवीन थोडंच आहे. बाराव्या दिवशी सोनार येतो, सोन्याची तार कानातून ओवतो, बाळ दोन मिनिटं टाहो फोडतं आणि पेढा वाटून सगळे मोकळे होतात. तिकडे तमिळनाडूत पळणीला, मलेशियात बाटू गुंफेत, मुरुगनचे, म्हणजे कार्तिकेयाचे, भक्त जिभेतून आणि गालातून वेल, म्हणजे भाल्यासारखी सळई, आरपार घालतात. तू काल तेच म्हणालीस, "परंपरेतही आहेच की." आहे. पण तो वेल नवस फिटला की त्याच दिवशी बाहेर काढतात आणि जीभ भरून येते. जिभेला भरून यायला आवडतं, शरीरात इतक्या झटपट बरी होणारी जागा क्वचितच असेल. भोकाशी माझं भांडण कधीच नव्हतं. भांडण आहे ते भोकात मुक्कामाला राहिलेल्या लोखंडाशी.

कानाची पाळी बिचारी दिवसभर नुसती लोंबत असते. ना कुणाला लागते, ना कुणाला घासते. जीभ तशी नाही. बोलताना, गिळताना, झोपेत, परीक्षेत उत्तर आठवताना ती सारखी दातांवर जाते. नुसतं गिळणं धरलं तरी दिवसाला शेकडो वेळा. त्या प्रत्येक वेळी खड्याच्या दांडीचा खालचा गोळा खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या हिरडीवर टेकतो. जोरात नाही, अगदी हलका. आडावरच्या दगडाला दोरीने खाच पडते ती काही दोरी जोरात मारली म्हणून पडत नाही.

आणि जागा तरी कुठली निवडलीय बघ. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे तोंडात सगळ्यात जास्त कीटण तिथेच, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला बसतं. हिरडीची घट्ट पट्टी त्या भागात अरुंद असते, मागचं हाडही पातळ. म्हणजे जिथे आधीच कचरा आणि आधीच कमजोर भिंत, नेमकं तिथे तू रोज हातोडी आपटतेस. खड्याच्या दांडीवरही कीटण चढलं होतं, काल तुला आरशात दाखवलं तेव्हा तू "ई" म्हणालीस. त्या 'ई'चा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तू बाहेर बसली होतीस तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. मी आतल्या खोलीत एका आजोबांची कवळी घासून बसवत होतो आणि बाहेरून बारीक आवाज येत होता. टक्. टक्. टक्. आधी वाटलं पंख्याचा असेल. नंतर कळलं, तू मोबाईल बघत खडा दातांवर वाजवत होतीस. कवळी बसेपर्यंत अकरा वेळा वाजला. तुला विचारलं तर म्हणालीस, "मी? नाही हो." सगळे हेच म्हणतात. हात ऐकतो, पाय ऐकतो, जीभ कुणाचं ऐकत नाही, तिला काही खेळायला दिलं की ती खेळतेच.

२०१० साली अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका बाईची हकीगत छापली होती. सात वर्षं ती जिभेतला खडा वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधे ढकलत राहिली. दातांमधे फट पडली, ती मिटवायला शेवटी तारा लावाव्या लागल्या. सात वर्षांत तिचंही काही दुखलं नसणार. कुणी आपल्याच दाताला रोज एक केस एवढं सरकवलं तर दुखतं थोडंच? आम्ही तारा लावून दात सरकवतो ते ह्याच तत्त्वावर, फक्त आम्ही पैसे घेऊन सरळ करतो.

आता तुझ्या 'मग'कडे येतो.

दुखत नाही हा पुरावा नाही. हे वाक्य मी तुला अजून दोन-चार वेळा ऐकवणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. दात किडला आणि कीड दातातल्या नसेला जाऊन भिडली की ठणका मारतो, रात्रभर झोप नसते, म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की तोंडात काही बिघडलं तर ते दुखेल. हिरडी तशी ओरडत नाही. ती मागे सरते, गप्प. हाड विरघळतं, गप्प. तुझ्या आजोबांची साखर दुखते का? बाबांचं बीपी? त्यांना तपासल्याशिवाय कळतं का? मग हिरडीनेच तुला ओरडून सांगावं असा आग्रह का? दाताचं मूळ उघडं पडलं की गार पाण्याने शिरशिरी येते काहींना, तेवढीच तिची तक्रार. आणि आतल्या बाजूला मूळ कीटणाने झाकलेलं असलं तर तीही येत नाही. तुझ्यासारखं.

काल प्रोब, म्हणजे हिरडी मोजायची बारीक सळई, लावून मी जे आकडे असिस्टंटला ओरडून सांगत होतो ते तू ऐकलेस, पण ते तुझ्याबद्दल आहेत हे तुला कळलं की नाही कोण जाणे. खालच्या डाव्या पहिल्या दाताची आतली हिरडी २ मिलिमीटर उतरली आहे, उजव्याची ३. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पट्टीवर बघितलं तर मुंगी एवढं. पण त्या दाताचं सगळं मूळच मुळात बारा-साडेबारा मिलिमीटरचं. त्यातला चौथा हिस्सा दोन वर्षं चार महिन्यांत उघडा पडला. हिशेब तू कॉमर्सची आहेस, तूच कर.

आणि ती दांडी. तुझी दांडी १८ मिलिमीटरची आहे. जीभ टोचतात तेव्हा मुद्दाम लांब दांडी घालतात, कारण पहिले काही दिवस जीभ सुजते आणि आखूड दांडी तिच्यात रुतेल. सूज उतरली की ती बदलून आखूड घालायची असते. तुला टोचणाऱ्याने सांगितलं होतं, काही आठवड्यांनी ये. तुझी परीक्षा होती. मग सुट्टी होती. मग दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणून दोन वर्षं तू सुजलेल्या जिभेच्या मापाचा दागिना न सुजलेल्या जिभेत वागवते आहेस. २००२ साली अमेरिकेतल्या हिरड्यांच्या नियतकालिकात जीभ टोचलेल्या ५२ जणांचा अभ्यास आला होता. साधारण १६ मिलिमीटरपेक्षा लांब दांडी दोन वर्षं किंवा जास्त वापरलेल्यांपैकी निम्म्यांची आतली हिरडी उतरलेली होती. चार वर्षं किंवा त्याहून जास्त खडा असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडाले होते. नंतर २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही आकडे ह्याच घरातले. जीभ टोचलेल्यांत हिरडी उतरलेले ४४ टक्क्यांपर्यंत, ओठ टोचलेल्यांत ५० पर्यंत.

म्हणजे निम्म्यांची हिरडी उतरत नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. तुझ्या मैत्रिणीला पाच वर्षं झाली आणि तिचं सगळं ठणठणीत आहे, असेलही. तिचं तोंड मी बघितलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही बघितलेलं नाही. आरशात दातांमागची हिरडी दिसत नाही. "माझं सगळं ठीक आहे" ह्याचा अर्थ बहुतेक वेळा "माझं दुखत नाही" एवढाच असतो. आणि समजा खरंच ठीक असलं, तरी तुझे दोन आणि तीन तिच्या शून्याने कमी होत नाहीत.

आता मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी कुणाला फारशी सांगत नाही.

वीसेक वर्षं झाली. एका शिक्षकांनी त्यांच्या मुलाला आणलं होतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, उंच, अबोल. खालच्या ओठाच्या खाली चांदीचा बारीक ठिपका. ओठातल्या खड्याला आतून चपटी चकती असते, ती खालच्या पुढच्या दातांच्या बाहेरच्या हिरडीवर बसते. वडील खुर्चीशेजारी उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, तुमचं तरी ऐकेल. दोन शब्द सांगा." आपल्यात म्हणतातच, सोनारानेच कान टोचावे लागतात. मला तो मान फार आवडला. मी दोनशे शब्द सांगितले. संस्कार सांगितले, आई-वडिलांचे कष्ट सांगितले, नथ घालायची तर नाकात घाल असला एक फालतू विनोदही केला. वडील हसले. मुलगा हसला नाही. पंधरा-वीस मिनिटं मी त्याच्या चारित्र्यावर बोललो आणि दोन मिनिटं त्याच्या तोंडात बघितलं.

त्याचं कार्ड अजून माझ्याकडे आहे. माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'खालची हिरडी थोडी उतरलेली.' थोडी! थोडी म्हणजे किती? हिरड्यांचा डॉक्टर म्हणवून घेतो मी, एम.डी.एस.ची पाटी बाहेर, खिशात प्रोब, त्यावर एक-एक मिलिमीटरच्या खुणा, आणि लिहिलं काय, तर थोडी. आकडा लिहिला असता तर तो मुलाला दाखवता आला असता. पुढच्या वेळी पुन्हा मोजून, वाढला की नाही, हे त्याचं त्याला कळलं असतं. पण पुढची वेळ आलीच नाही. तो कशाला येईल?

चार वर्षांनी आला, एकटा. नोकरी लागली होती, खडा कधीचाच काढला होता, ओठाखाली तिळाएवढी खूण. खालचा एक दात हलत होता. बाहेरच्या बाजूची हिरडी मुळाच्या टोकापाशी गेलेली, समोरचं हाड नावालाही नाही. तो दात काढावा लागला. मी सुन्न झालो होतो, म्हणून मूर्खासारखं विचारलं, "आधी का नाही आलास?" तो शांतपणे म्हणाला, "दुखत नव्हतं." मग थोडं थांबून, "आणि तेव्हा तुम्ही दाताबद्दल काही बोललाच नाहीत."

ह्या वाक्याशी मी आजवर भांडतो आहे. मी माझ्या बाजूने खूप काही बोलू शकतो, आणि बोलतो. त्या काळात असे खडे आमच्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आम्हाला कॉलेजात त्यावर एक ओळही शिकवली नव्हती. रोज चाळीस पेशंट, त्यात मशेरीवाल्या बायका, गुटख्याने तोंड न उघडणारी पोरं, त्यांच्यापुढे एका पोराची थोडी उतरलेली हिरडी म्हणजे चैनीचा आजार वाटायचा. शिवाय तोही शिकलेला होता, आरसा त्याच्याही घरी होता, बाहेरची हिरडी तर आरशात दिसते. चार वर्षं त्याने एकदाही बघितली नसेल? बघितली असेल. पण दुखत नव्हती. आणि ज्याने सांगायचं त्याने नथीचे विनोद केले होते. सगळी वकिली करून झाली की शेवटी हे उरतंच.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. तोंडात दागिना असलेल्या माणसाशी दागिन्याबद्दल बोलायच्या आधी मोजतो. आणि जे मोजलं ते आकड्यात लिहितो. काल तुझी आई बोलत असताना मी उत्तर न देता आकडे ओरडत होतो, तुला ते उर्मटपणाचं वाटलं असेल. तो माझा हट्ट आहे आणि तो मी सोडणार नाही.

आणखी एक कबुली, कारण ती नाही दिली तर तू म्हणशील काका लोकांना सांगतात. बावीस वर्षं मी दुपारच्या जेवणानंतर सुपारी खात होतो. माझ्या वडिलांचा पितळी अडकित्ता होता, तो घेऊन झोपाळ्यावर बसायचं, बारीक कातरायची आणि उजव्या दाढेखाली चघळत राहायची. पेशंटला सांगायचो सुपारी सोडा, आणि दुपारी घरी हे. उजव्या दाढेला एक रेघ दिसत होती, केसाएवढी. माझ्या वर्गमित्राने दाखवलीही होती. मी काय म्हणालो असेन? एका रविवारी भाकरी चावताना ती दाढ उभी दुभंगली. काढली. आता तिथे इम्प्लांट आहे. दाताचं वरचं कवच शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू आहे, पण काचेसारखं ठिसूळ. खडा दाढेखाली आला की त्याला तशाच रेघा पडतात, आणि रेघ दुखत नाही. दुखायला लागते तेव्हा ती रेघ राहिलेली नसते.

म्हणून, काढ. माझं उत्तर हे आहे, आणि ते मी साखरेत घोळवणार नाही.

तुझी भीती मला कळली. भोक बुजेल. हो, आकसेल, कदाचित पूर्ण बुजेल, मागे एक बारीक खळी राहील. पण अगं, भोक ही तुझ्याकडची सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. ते उद्या पुन्हा पाडता येतं. (पाडू नकोस.) हिरडी आपली आपण वाढून वर येत नाही. मीठ-हळद चोळून नाही, खोबरेल तेलाच्या गुळण्यांनी नाही, तुझ्या त्या व्हिडिओतल्या लवंगेच्या लेपाने तर नाहीच. फार उतरली तर आम्ही टाळूची पातळ पट्टी काढून तिथे शिवतो. बाहेरच्या बाजूला ते बरं बसतं. आतल्या बाजूला, जिथे जीभ सारखी टाके चाटायला येते आणि माझा हात नीट पोचत नाही, तिथे ते काम वैतागवाणं आहे आणि हमखास यश मिळतं असं मी तुला कधीच सांगणार नाही. दोन-तीन मिलिमीटरवर आपल्याला तिथवर जायचंच नाहीये. कीटण काढू, खडा काढू, आहे ती ओळ राखू. राखू म्हणतोय, परत आणू म्हणत नाही.

"माझं शरीर आहे," असं तू आईला म्हणालीस. बरोबर आहे. ती तीन मिलिमीटरही तुझंच शरीर होती. तिच्या बाजूने काल खोलीत बोलणारा मी एकटाच होतो.

काही जण ह्या जागी घाबरवणारे किस्से सांगतात. मीही सांगायचो. १९९७ मध्ये ब्रिटिश दंतवैद्यकाच्या नियतकालिकात २५ वर्षांच्या मुलीची केस आली होती, जीभ टोचल्यावर काही दिवसांतच जबड्याखाली जंतुसंसर्ग पसरून श्वास कोंडायची वेळ आली. एका इटालियन मुलीला खड्यापायी चेहऱ्यात विजेसारख्या कळा येत होत्या, खडा काढल्यावर थांबल्या. मेंदूत पू झाल्याचीही नोंद आहे. हे सगळं खरं आहे आणि फार विरळ आहे, आणि त्यातलं बरंचसं टोचल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतलं, तू ते दिवस कधीच मागे टाकलेस. असले किस्से सांगितले की पोरं गुगल करतात, विरळ आहे हे बघतात आणि मग साध्या, रोजच्या, न दुखणाऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत. तरी एक लक्षात ठेव, तुझ्यासाठी नाही तर त्या मैत्रिणीच्या बहिणीसाठी, जी पुढच्या महिन्यात टोचून घेणार म्हणालीस. टोचल्यावर जबड्याखाली सूज, ताप, गिळता न येणं, लाळ गळणं, आवाज जड होणं, ह्यातलं काही दिसलं तर दवाखाना उघडायची वाट बघत बसायचं नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. आणि तिच्या हृदयाच्या झडपेला लहानपणी काही झालेलं असेल, तापानंतर सांधे धरून झडप बिघडलेली असेल, तर टोचूच नये. आपल्याकडे ते अजून पुष्कळ आहे, आणि पार्लरमध्ये कुणी विचारत नाही.

तू ऐकणार नाहीस हीही शक्यता आहे. तुझ्या चेहऱ्यावर काल ती स्पष्ट होती. मग हे लिहिताना हात आखडतो, पण लिहितो, कारण मागच्या वेळी न लिहिल्याचं काय झालं ते वर सांगून झालंय. निदान दांडी बदल, आखूड घाल, आणि ती स्वच्छ काम करणाऱ्याकडूनच. आखूड दांडी हिरडीपर्यंत कमी पोचते, पण दाढेखाली यायची ती येतेच, तेव्हा तिला सुटका समजू नकोस. धातूच्या गोळ्याऐवजी प्लास्टिकचा घाल. २०११ मध्ये वेगवेगळ्या दांड्यांवरचे जंतू मोजले तेव्हा स्टीलवर जास्त सापडले होते. स्टीलमध्ये निकेल असतं, बऱ्याच जणींना ते सोसत नाही. गोळे घट्ट आहेत ना, हे रोज हात धुऊन बघ, सैल गोळा झोपेत कुठे जाईल ते सांगता येत नाही. हॉकी खेळायला जाताना काढ. आणि वाजवू नकोस. वाजवू नकोस म्हटलं की जास्त वाजेल, ठाऊक आहे.

आणि दर तीन महिन्यांनी मोजायला ये. दुखो न दुखो. खरं तर दुखत नसतानाच ये, दुखायला लागल्यावर माझ्याकडे द्यायला फारसं काही नसतं. मी तुला रागावणार नाही, खडा आहे की नाही हे विचारणारही नाही, प्रोब लावेन, आकडा सांगेन. दोनाचे दोन आणि तीनचे तीन राहिले तर मी गप्प बसेन. तीनचे चार झाले तर मात्र मी गप्प बसेन अशी अपेक्षा ठेवू नकोस. तेवढा अधिकार मी त्या मुलाच्या दाताच्या बदल्यात मिळवलाय असं समज.

काल तुझ्या दातांचा साचा घेतला होता त्यात रात्रीच प्लास्टर भरलं. सकाळी सुटून आलं, छान उमटलंय. आज हिरडी जिथे आहे तिथे मी बारीक पेन्सिलने रेघ मारली आहे आणि खाली तारीख टाकली आहे. खिडकीतल्या फळीवर ठेवलंय, येशील तेव्हा हातात घेऊन बघ, दातांमागचं तुला दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

गुरुवारी दवाखाना बंद असतो, बाकी केव्हाही ये. एकटी आलीस तरी चालेल. आईला मात्र सांग की तिची वेळ मी पुढच्या सोमवारी सकाळी दहाची धरून ठेवली आहे. नऊ वर्षं झाली तिने दात साफ करून घेतलेले नाहीत. काल निघताना विचारलं तर म्हणाली, "छे हो, माझं काही दुखत नाही."

तुझा,
डॉक्टरकाका